निकाल लागल्यावर खुर्च्या कोण उचलणार?

शाळेतल्या स्पर्धेचा निकाल उलट्या क्रमाने वाचतात. आधी उत्तेजनार्थ, मग तिसरा, मग दुसरा आणि सगळ्यात शेवटी पहिला. ही पद्धत ज्याने काढली त्याला मुलांच्या मनाची चांगलीच जाण असावी, किंवा अजिबात नसावी. कारण ज्याला पहिल्या नंबराची आशा असते, तो उत्तेजनार्थच्या वेळी मनातल्या मनात प्रार्थना करतो, देवा, माझं नाव नको. तिसऱ्याच्या वेळीही तेच. दुसरा क्रमांक पुकारायची वेळ आली की मात्र धीर सुटायला लागतो. आता आलं तरी चालेल, असं वाटतं. आणि दुसऱ्यालाही भलत्याच कुणाचं नाव आलं, की उरतं ते एकच: पहिला, नाहीतर काहीच नाही. मधे एवढ्यात माईक खरखरतो. सर कागद उलटतात. मागच्या रांगेतून कुणीतरी आपलंच नाव ओरडतं आणि आपण उगाच हसल्यासारखं करतो. मग दुसरंच नाव येतं.

टाळ्या वाजवायच्या असतात. हात आपोआप वाजवतात. चेहऱ्याचं काय करायचं ते मात्र कुणी शिकवलेलं नसतं.

मुलांनी हार पचवायला शिकलं पाहिजे, यावर आपल्याकडे भाषणं फार होतात. बक्षीस समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांना तर दुसरा विषयच नसतो. ‘भाग घेणं महत्त्वाचं’ हे वाक्य मी शाळेत असताना इतक्या वेळा ऐकलं आहे की ते सुरू झालं की आम्ही मागच्या बाकांवर पाहुण्यांच्या आधी ते पूर्ण करायचो. त्या वाक्याने आमच्यातल्या कुणाचं दुःख हलकं झालं असेल असं मला वाटत नाही. जे काही शिकलो ते भाषणाने नाही, त्यानंतरच्या अर्ध्या तासाने शिकवलं.

माझी शाळा वसईतली, चर्चच्या आवारातली. मुंबई-पुण्याकडच्या माणसांना कॅथलिक शाळा म्हटलं की टाय, बूट आणि ‘गुड मॉर्निंग सिस्टर’ दिसतं. आमच्या पट्ट्यात तसं नाही. इथल्या कित्येक धर्मग्रामांच्या (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) शाळा पहिल्यापासून मराठी माध्यमाच्या. सिस्टर मराठीत शिकवायच्या आणि मराठीतच रागवायच्या. शाळेमागे केळीच्या वाड्या, पुढे चर्चचं मैदान, मधे स्टेज. घरी आम्ही कादोडी बोलायचो, स्टेजवर चढलं की प्रमाण मराठी. तेव्हा वक्तृत्व स्पर्धेत आमची अर्धी शक्ती आशयावर आणि अर्धी घरची बोली जिभेवर येऊ नये यावर खर्च व्हायची. ऐन रंगात आलेल्या मुलाच्या तोंडून एखादा घरचा शब्द निसटला की सभागृह फुटायचं. त्या हसण्यात दुष्टपणा नसे, कारण हसणाऱ्यांच्याही घरी तोच शब्द होता. पण स्टेजवरच्याला ते त्या क्षणी कसं कळणार?

आणि स्पर्धा तरी किती! ऑगस्टात देशभक्तिपर गीतं. सप्टेंबरात मारियामातेच्या सणाच्या आगेमागे भक्तिगीतं. ऑक्टोबरात जपमाळेचा महिना, त्यात बायबल प्रश्नमंजुषा. मग निबंध, हस्ताक्षर, रांगोळी (होय, आमच्याकडे रांगोळीही असायची, फक्त मधे तारा किंवा क्रूस), डिसेंबरात नाताळगीतं, जानेवारीत क्रीडादिन. हे सगळं इतकं दाट होतं की प्रत्येक मूल वर्षभरात कशात ना कशात हरणारच. वर्गात पहिली येणारी मुलगी तीन पायांच्या शर्यतीत तोंडावर आपटायची. ज्याला पाढे येत नसत तो लांब उडीत सगळ्यांच्या पुढे. हरणं ही मोठी घटना व्हायला वेळच मिळत नसे, कारण पुढच्या आठवड्यात फलकावर नवी यादी लागलेली असे.

आमच्या मुख्याध्यापिका सिस्टरांचा एक नियम होता. निकाल लागला, राष्ट्रगीत झालं, की स्पर्धकांपैकी कुणीही घरी जायचं नाही. आधी सभागृह आवरायचं. लोखंडी घडीच्या खुर्च्या मिटवून भिंतीला लावायच्या, दऱ्या गुंडाळायच्या, कागद वेचायचे. खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगात चर्चचं नाव लिहिलेलं असायचं आणि त्या मिटवताना बोट हमखास चिमटायचं. जिंकलेला मुलगा हातात कप घेऊन एका हाताने खुर्ची ओढायचा प्रयत्न करायचा, तेव्हा सिस्टर म्हणायच्या, “कप टेबलावर ठेव. तो पळून जात नाही.”

आता यात खास काय, असं कुणी विचारेल. सांगते. दरी एकट्याने गुंडाळता येत नाही. दोन टोकांना दोन जण लागतात, आणि बहुतेक वेळा समोरच्या टोकाला तोच असायचा ज्याने पाच मिनिटांपूर्वी आपला नंबर घेतला. दोघांनी एकाच वेगाने पुढे सरकायचं, नाहीतर दरी तिरकी होते आणि पुन्हा उलगडावी लागते. दरी सरळ ठेवायची तर बोलावं लागतं. “जरा तुझ्याकडे ओढ.” “थांब, थांब.” मग “तुझं ते शेवटचं वाक्य कुठलं गं?” आणि ती म्हणायची, “पपांनी लिहून दिलं.” एवढ्याने राग जायचा नाही. पण राग धरून बसण्याइतकी मोकळीक मिळत नसे, आणि घरी पोचेपर्यंत डोळे कोरडे झालेले असत. सिस्टरांनी हे मानसशास्त्र वाचून केलं असेल असं मला वाटत नाही. शाळेत शिपाई एकच होता, हे खरं कारण असावं.

दुसरी गोष्ट गटांची. शाळेचे चार गट, चार संतांच्या नावांचे, चार रंगांचे. पहिल्या नंबराला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर खडूने बेरीज चालू असायची. आपल्या पदरात काही पडलं नाही तरी गटाच्या खात्यात एक गुण गेला, एवढं तरी सांगता यायचं. फेब्रुवारी जवळ आला की त्या एकेका गुणावरून नववी-दहावीची मुलं भांडायची. तिसरी आल्याबद्दल रडलेल्या एका सहावीच्या मुलीला आमच्या गटनायकाने, “रडतेस काय, आपण निळ्यांच्या पुढे गेलो!” असं सांगून गप्प केलेलं मी पाहिलं आहे. ती गप्प झाली ती समजूत पटली म्हणून नाही, तर दहावीतला मुलगा आपल्याशी बोलला म्हणून. तेही चाललं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला फार उशिरा जाणवली. रविवार. शुक्रवारी स्पर्धा, रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. आमच्यासारख्या गावात शाळा, चर्च, धर्मशिक्षणाचा वर्ग आणि गायनवृंद, सगळीकडे तीच माणसं. शुक्रवारी जिने मला हरवलं ती रविवारी माझ्याच बाकावर, दोन माणसं सोडून. मिस्सेत एक वेळ येते जेव्हा शेजारच्याला हात जोडून शांती द्यायची असते. पाठ फिरवून चालत नाही, आई मागेच उभी असते. मीही कधी कधी डोळे खाली घालून, ओठांतल्या ओठांत पुटपुटून ते उरकलं आहे. पण उरकावं लागायचं. शहरातल्या आंतरशालेय स्पर्धेत हरवणारं मूल बसमध्ये बसून निघून जातं. त्याला शत्रू मानून वर्षभर मनात ठेवता येतं. इथे ते जमत नाही. जिने हरवलं तिच्याशेजारी उभं राहून नाताळची गाणी बसवायची असतात, आणि तिचा सूर लागला नाही तर आपल्यालाही ऐकून घ्यावं लागतं.

मुलांमध्ये चढाओढ लावायची ही रीत कॅथलिक शाळांत जुनी आहे, आणि ती आपोआप आलेली नाही. जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने, १५९९ साली आपल्या शाळांसाठी जी अभ्यासपद्धती ठरवून दिली, तिच्यात ती नियमांसकट लिहिलेली आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक जोडीदार-प्रतिस्पर्धी. एकाने चूक केली की दुसऱ्याने ती पकडायची. अनेक शाळांत अख्खा वर्ग दोन छावण्यांत विभागलेला असे, एक रोमची, दुसरी कार्थेजची. बक्षिसांचे वेगळे नियम. हे वाचून मला आधी जरा धसकाच बसला, इतकी स्पर्धा! पण त्यातच एक बारीक तरतूद आहे. वर्गातली मानाची पदं वर्षाची नसत. लेखी चढाओढीवर ती महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा ठरत. म्हणजे आज खाली आलेल्याला वर चढायला वर्ष थांबावं लागत नसे, आणि वर बसलेल्याला फार माज करायला वाव नसे. आमच्या ऑफिसबाहेरच्या फळ्याचं मूळ मला तिथे सापडलं.

या शाळांचा विषय निघाला की मला हटकून १९८८ चा फेब्रुवारी आठवतो. आझाद मैदान, हॅरिस शिल्ड या मुंबईच्या शालेय क्रिकेट स्पर्धेची उपांत्य फेरी. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. त्यांच्या शाळेचा, शारदाश्रमचा, डाव २ बाद ७४८ वर घोषित. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे आकडे सांगावे लागत नाहीत. पण समोर कोण होतं? फोर्टमधलं सेंट झेवियर्स हायस्कूल, जेझुइटांची १८६९ ची शाळा. त्या शाळेची अकरा मुलं दुसऱ्या दिवशीही क्षेत्ररक्षणच करत होती. मग फलंदाजीला आली आणि १४५ धावांत बाद झाली, त्यातही सहा बळी कांबळीनेच घेतले. त्या अकरांत पंधरा वर्षांचा एक लेगस्पिनर होता, साईराज बहुतुले. २७ षटकं, १८२ धावा, बळी एकही नाही.

पुढे बहुतुले मुंबईकडून वर्षानुवर्षं खेळला, मोठ्या मोटार अपघातातून पुन्हा उभा राहिला, प्रथम श्रेणीत सहाशेच्या वर बळी घेतले आणि २००१ मध्ये भारतासाठी दोन कसोटी सामने खेळला. याचं श्रेय त्या १८२ धावांना देऊन टाकायचा मोह सगळ्यांना होतो. मला होत नाही. त्याच्याकडे गुण होते, मेहनत होती, तो त्या सामन्याशिवायही तिथे पोचला असता. मला त्या संघातल्या बाकीच्या दहा जणांबद्दल वाटतं. त्यांची नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत. एवढा मोठा मार खाऊन त्यांना पुन्हा शाळेत जायचं होतं, प्रार्थनेच्या रांगेत उभं राहायचं होतं आणि महिन्याभरावर आलेल्या परीक्षेचा अभ्यास करायचा होता. हरण्याच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी पुढे जिंकलेल्याचीच गोष्ट सांगतो. ‘बघ, तोही एकदा हरला होता.’ मुलं काही खुळी नसतात. त्यांना कळतं की आपल्याला अजूनही जिंकण्याचीच गोष्ट ऐकवली जाते आहे.

या बाबतीत आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाने मला वेगळं काहीतरी दिलं असावं. तिथे ऐकलेल्या गोष्टींत माणसांना हवं ते बहुधा मिळतच नसे. आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया घ्या. सोळाव्या शतकात वसईत जन्मला, जेझुइटांसोबत जपानला गेला, त्यांची भाषा शिकला, धर्मशिक्षण देण्यात वर्षं घातली. जेझुइट व्हायची त्याची फार इच्छा. त्यांनी त्याला घेतलंच नाही. मग तो व्यापारात शिरला, पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला, पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये तो संत झाला. आमचे धर्मशिक्षणाचे सर शेवटचा भाग फार जोशात सांगायचे. आम्हा मुलांना मात्र मधला भाग आवडायचा, नापास झालेला. एका मुलाने विचारलंही होतं, “सर, त्यांनी का नाही घेतलं?” सर म्हणाले, “नाही घेतलं.” आणि पुढे गेले.

संत फ्रान्सिस झेवियर या जेझुइट धर्मप्रचारकाचंही तसंच. तो वसईला येऊन गेला होता हे आम्हाला अभिमानाने सांगितलं जायचं. पण त्याला जायचं होतं चीनला, आणि तो वारला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, ३ डिसेंबर १५५२ ला, आत जाण्याची वाट पाहत. ३ डिसेंबर म्हणजे आमच्या स्पर्धांच्या हंगामाचा ऐन मध्य. आणि वर्गात फळ्याच्या वर क्रुसावर कोण टांगलेलं होतं, हे सांगायला नको. जगाच्या हिशेबाने त्याच्या इतकं कोण हरलं होतं? हे आम्हाला कुणी कधी बोलून दाखवलं नाही, आणि आम्ही तरी वर पाहायचो ते बहुतेक वेळा त्याच्या शेजारच्या घड्याळाकडे. पण दहा वर्षं रोज एखादी गोष्ट डोळ्यांसमोर असली की ती न बघताही दिसते.

दहावीच्या वर्षी आमची दोन दिवसांची रिट्रीट, म्हणजे प्रार्थना-चिंतनाचं शिबिर, झाली. बाहेरून एक जेझुइट फादर आले होते. त्यांनी जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याचा एक नियम सांगितला, तो माझ्या फार उपयोगी पडला आहे. मन खिन्न असेल, सगळं कोरडं वाटत असेल, तेव्हा आधी ठरवलेलं बदलू नये. बरं वाटत असताना जे ठरवलं त्यालाच धरून राहावं. एवढंच. स्पर्धेत हरून आलेलं मूल पहिलं वाक्य काय बोलतं? “मी यापुढे भागच घेणार नाही.” त्यावर आपण एकतर लगेच समजूत घालतो, किंवा “बरं, नको घेऊस” म्हणतो. फादरांचं म्हणणं असं की त्या दिवशी दोन्ही करू नये. त्या दिवशी काही ठरवायचंच नाही. भाग घ्यायचा की नाही, ते पुढच्या आठवड्यात भूक लागलेली नसताना ठरवावं. इग्नेशियस स्वतः सैनिक होता. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि सगळं करिअरच संपलं. पुढे तिशी उलटल्यावर तो लॅटिन शिकायला लहान पोरांबरोबर बाकावर बसला. हेही त्याच फादरांनी सांगितलं, आणि आमच्या वर्गातला, आठवीत एकदा मागे राहिलेला मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा रिट्रीटमध्ये हसला.

आता एवढं चांगलं लिहिल्यावर दुसरी बाजू न सांगणं बरोबर नाही. या स्पर्धांमध्ये हरायलाही आधी निवड व्हावी लागते. आमच्या वर्गात अशी मुलं होती ज्यांचं नाव दहा वर्षांत एकदाही फलकावर लागलं नाही. त्यांच्या वाट्याला हार आलीच नाही, फक्त टाळ्या वाजवणं आलं. गटाच्या एका गुणाचा आनंद त्यांनाही मिळायला हवा होता म्हणे. मिळाला का, ते त्यांना कुणी विचारलं नाही. काही घरांतली मुलं दरवर्षी निवडली जात आणि त्याचं कारण फक्त आवाज खणखणीत होता असं नव्हतं. ज्यांची वाडी मोठी, ज्यांचे काका चर्चच्या समितीवर, त्यांच्या चुकांना परीक्षकांचे कान जरा कमी तीक्ष्ण असत. असा अन्याय झाला की सिस्टरांची दरीसुद्धा कामाला येत नसे. प्रामाणिक हार आणि लबाडीची हार यांतला फरक दहा वर्षांच्या मुलालाही कळतो, आणि दुसरी पचवायला शिकवणं हे शिक्षण नव्हे. ते फक्त गप्प बसवणं. ‘देवाची इच्छा’ हे शब्द काही मोठ्या माणसांनी तिथे वापरले, ते मला आजही खटकतात. परीक्षकाची इच्छा आणि देवाची इच्छा यांत थोडं तरी अंतर ठेवावं.

आणि हे फक्त कॅथलिक शाळांतच होतं असा माझा दावा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या केंद्रस्तरीय स्पर्धांत मी याहून कमी साधनांत याहून जास्त दिलदारपणा पाहिला आहे. डिसेंबरअखेर वसईत जो तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव भरतो, तिथे सगळ्या शाळांची मुलं एकत्र हरतात आणि एकत्र वडापाव खातात. मला जी शाळा माहीत आहे तिच्याबद्दल मी लिहिते आहे, इतकंच.

गेली काही वर्षं मला परीक्षक म्हणून बोलावतात, तेव्हा आता बदललेलं काय ते दिसतं. पहिल्या दोन रांगांत मोबाईल उंचावलेले पालक. निकाल लागल्यावर मुलापेक्षा आई आधी टेबलाशी येते. गुणपत्रिका दाखवा. उच्चाराला सहाच का? एका गृहस्थांनी तर मला दुसऱ्या मुलीच्या भाषणाचा व्हिडिओ थांबवून थांबवून तिच्या चुका दाखवल्या. त्यांचा मुलगा शेजारी उभा होता, आणि त्याची नजर सारखी मैदानाकडे, जिथे त्याचे मित्र खेळायला लागले होते. त्याचं दुःख संपत आलं होतं. बाबांचं नुकतंच सुरू झालं होतं. दुसरीकडे काही शाळांनी भांडणाचं मूळच काढून टाकलं आहे: सगळ्यांना पदक, सगळ्यांना प्रमाणपत्र, नंबरच नाहीत. बालवाडीत ठीक आहे. सातवीतल्या मुलाला असं पदक दिलं तर तो ते बसमध्येच मित्राला देऊन टाकतो, हे मी पाहिलं आहे. त्याला बरोबर माहीत असतं कोण चांगलं बोललं.

मागच्या नाताळात माझ्या भाचीने आणि तिच्या चुलतभावंडांनी गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, केला होता. आमच्याकडे नाताळ गोठ्यांची स्पर्धा असते, शाळेचीही आणि गावाचीही. परीक्षक संध्याकाळी गल्लीगल्लीने फिरतात. या पोरांनी दोन आठवडे आधी पसरट डब्यांत नाचणी पेरली होती, हिरवळीसाठी. खाकी कागद चुरगाळून, रंग मारून डोंगर. भाताच्या पेंढ्याचं छप्पर. मेंढपाळ मागच्या वर्षीचेच, गाढवाचा एक कान तुटलेला, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं. मुख्य आकर्षण म्हणजे मोटारीवर चालणारा झरा आणि त्याच्या मागे निळे दिवे. परीक्षक कोपऱ्यावर आले आणि माळेने मान टाकली. नुसती माळ नाही, मोटारही. भाच्याने वायरींवर इतक्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या की बिघाड कुठे आहे ते शोधायला पट्ट्या सोडवाव्या लागल्या, आणि तोवर परीक्षक टॉर्चच्या उजेडात बाळ येशूकडे पाहून, “छान, छान” म्हणून पुढच्या घरी गेलेले. दिवे लागले ते त्यांची पाठ वळल्यावर. बरोबर समोरच्या घराचा नंबर आला.

भाची त्या रात्री जेवली नाही. गोठा आत्ताच्या आत्ता मोडून टाकायचा, हा तिचा निर्णय. पण गोठा मोडता येत नाही. बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत, तो ठेवायचाच असतो. राजे यायचे बाकी असतात ना. माझ्या वहिनीने यावर काही तत्त्वज्ञान सांगितलं नाही. “मग राजे कुठे जातील?” एवढं म्हणाली आणि भांडी घासायला गेली. त्यामुळे पुढचा सगळा आठवडा ते हरलेलं प्रकरण अंगणात उभं. रोज संध्याकाळी दिवे लावायचे, नाचणीला पाणी शिंपायचं, कोंबड्या हाकलायच्या. पाहुणे आले की दाखवायचा. पहिले दोन दिवस भाची, “आमचा नंबर नाही आला” असं आधीच सांगून टाकायची. मग ते सांगायचं राहून जायला लागलं. तीस तारखेच्या सुमाराला ती समोरच्यांचा गोठा बघायला गेली आणि परत येऊन म्हणाली की त्यांची नाचणी पिवळी पडली आहे. हे तिने अतिशय समाधानाने सांगितलं, आणि मला त्यात सुधारण्यासारखं काही दिसलं नाही.

सहा तारखेनंतर आवराआवर झाली. नाचणी कोंबड्यांना, पेंढा वाडीत, डोंगर कचऱ्यात. गाढवाला नवा कान लावायचा की नवं गाढव आणायचं, यावर अजून एकमत नाही. भाचीचं म्हणणं, पुढच्या वर्षी वीजच नको, पणत्या लावू. भाच्याचं म्हणणं, पेंढ्याजवळ पणत्या लावल्या तर गोठ्याबरोबर घरही जाईल, त्यापेक्षा बॅटरीवरची मोटार आणू. त्याने किंमतही काढून ठेवली आहे. मला मत विचारलं तेव्हा मी म्हटलं, परीक्षकांना चहाला थांबवा, तेवढ्यात दिवे लागतील. दोघांनाही ते पटलं नाही.